आतला आवाज आणि त्याची पारख

आपण कशासाठी जन्माला आलो, हा प्रश्न माणसाला केव्हा ना केव्हा गाठतोच. कुणाला तो बारावीच्या निकालानंतर गाठतो, कुणाला लग्नाची बोलणी सुरू असताना, कुणाला नोकरी सुटल्यावर, तर कुणाला मुले मार्गी लागून घर रिकामे झाल्यावर. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात, बोरी अरब आणि आसपासच्या गावांत कुटुंबांच्या भेटी घेताना हा प्रश्न आम्हांला नाना रूपांत ऐकू येतो. “फादर, पोरगी सिस्टर व्हायचं म्हणते. देवानं बोलावलं की मनाची लहर?” असे एखादी आई विचारते. “कास्तकारी करू की पुण्याला कंपनीत जाऊ?” असे एखादा तरुण विचारतो. शब्द वेगळे असले तरी दोघांच्याही प्रश्नाचे मूळ एकच आहे. परमेश्वराची आपल्याविषयीची इच्छा ओळखावी कशी?

या प्रश्नाचे एक तयार उत्तर हल्ली सर्वत्र मिळते. ध्यान करा, मन शांत करा, आतला आवाज ऐका आणि तो सांगेल तसे चाला. शिबिरांतून, पुस्तकांतून आणि हातातल्या मोबाईलमधूनही हाच उपदेश आपल्यापर्यंत येतो. त्यात सत्याचा मोठा अंश आहे, हे आम्ही प्रारंभीच मान्य करतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात सदसद्विवेकबुद्धीला माणसाच्या अंतरंगातील असे गुप्त पवित्रस्थान मानले आहे, की जेथे तो एकटा देवासमोर उभा असतो. तेव्हा देव अंतःकरणात बोलतो, ही काही परकी किंवा नवी कल्पना नव्हे. ती आपल्याच श्रद्धेचा गाभा आहे.

परंतु अडचण पुढेच आहे. अंतःकरणात एकच आवाज नसतो. तेथे भीती बोलते, हौस बोलते, शेजाऱ्याविषयीची असूया बोलते, लहानपणी बसलेला धाक बोलतो, थकवा बोलतो. आणि या सर्वांच्या गर्दीत देवही बोलतो. शिवाय प्रत्येक आवाज आपण देवाकडूनच आल्याचा बहाणा करू शकतो. घरची जबाबदारी टाकून पळणारा माणूसही ‘मला आतून प्रेरणा झाली’ असे म्हणतो आणि आयुष्यभर इतरांच्या जखमा धुणारी सेविकाही तेच म्हणते. म्हणून ऐकावे की न ऐकावे हा खरा नैतिक प्रश्न नव्हे. ऐकलेल्याची पारख कशी करावी, हा तो प्रश्न होय.

या पारखीचे शास्त्र ज्यांनी स्वतःच्या अनुभवातून घडवले, ते संत इग्नाशियस लोयोला. २० मे १५२१ रोजी पांप्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी अंथरुणावर पडल्या पडल्या वाचण्यासाठी त्यांनी शौर्यकथा मागितल्या. पण घरात होते प्रभू ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. नाइलाजाने त्यांनी तेच वाचले. दिवसभर ते दोन प्रकारची स्वप्ने रंगवीत. कधी एका थोर स्त्रीची मर्जी संपादन करण्याची, कधी संतांप्रमाणे अनवाणी जेरुसलेमला जाण्याची. दोन्ही स्वप्ने रंगवताना आनंदच होई. पण एक दिवस त्यांच्या ध्यानी आले, की पहिले स्वप्न ओसरले की मन कोरडे आणि असमाधानी राहते. दुसरे ओसरले तरी मागे प्रसन्नता उरते. एवढ्याशा निरीक्षणातून पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाची उभारणी झाली आणि १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्यास मान्यता दिली.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. इग्नाशियस यांनी आवाजाच्या गोडीवर विश्वास ठेवला नाही. गोडी दोन्हीकडे होती. त्यांनी पाहिले ते मागे काय उरते ते. आपल्याकडे कापसाचा व्यापारी गठ्ठ्यावरचा पांढरा रंग पाहून भाव करीत नाही. तो आतली चिमूटभर रुई काढून बोटांत ताणतो आणि धागा किती टिकतो ते पाहतो. विचाराचेही तसेच आहे. वरचा रंग कितीही शुभ्र असो, ताण दिल्यावर तो टिकतो का, हे पाहावे लागते.

या पारखीलाही मर्यादा होत्या, आणि त्या इग्नाशियस यांच्याच आयुष्यात दिसतात. जेरुसलेममध्येच राहावे, तेथेच आत्म्यांची सेवा करावी, हा त्यांचा निश्चय इतका पक्का होता की ती देवाचीच इच्छा असे त्यांनी मानले होते. १५२३ साली ते तेथे पोहोचलेही. परंतु पवित्र स्थळांची जबाबदारी सांभाळणाऱ्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना राहू दिले नाही. यात्रेकरूंना तेथे त्या काळी धोका होता. इग्नाशियस यांनी वाद घातला, पण अखेरीस आज्ञा पाळली आणि परत आले. पुढे काय करावे हे कळेना, म्हणून तेहतिसाव्या वर्षी ते बार्सिलोना येथे लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिन शिकू लागले. त्या बाकावरून पॅरिसचे विद्यापीठ, तेथील सोबती आणि १५४० साली मान्यता पावलेला येशूसंघ, अशी पावले पडत गेली. जेरुसलेमचे दार बंद झाले नसते तर ही वाट उघडली नसती. आतली खात्री कितीही प्रामाणिक असली तरी ती देवाच्या योजनेचा एक तुकडाच असू शकते. उरलेला तुकडा बाहेरून, कधी कुणाच्या नकारातून, हाती येतो.

पवित्र शास्त्रातही हेच दिसते. बालक शमुवेलाला रात्री हाक ऐकू आली. हाक देवाची होती, पण मुलाला ती वृद्ध एलीची वाटली. तीन वेळा तो धावत एलीकडे गेला. अखेर एलीनेच ओळखले, की मुलाला परमेश्वर हाक मारतो आहे, आणि उत्तर काय द्यावे हे त्यास शिकवले. एलीची नजर मंदावली होती, त्याचे स्वतःचे घर नीट चालले नव्हते. तरीही त्या मुलाला हाक ओळखण्यासाठी त्याची गरज पडली. आवाज ज्याच्या कानी पडतो, त्यालाच त्याचा अर्थ कळेल असे नाही. म्हणून आईवडील, धर्मगुरू, शिक्षक, अनुभवी स्नेही यांच्याशी बोलणे हा श्रद्धेतील उणेपणा नव्हे. मात्र आईवडिलांनीही एलीकडून शिकावे. त्याने मुलाला ‘झोप, उगाच काहीतरी ऐकतोस’ म्हणून कायमचे गप्प केले नाही आणि ‘देव माझ्याशी का बोलला नाही’ म्हणून रागही धरला नाही.

आपल्या महाराष्ट्रातही या विषयाचा एक अलीकडचा इतिहास आहे. १९३१ साली मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी पुण्यात आणि नंतर लोणावळ्यात ‘साधना’ या नावाने आध्यात्मिक मार्गदर्शनाचे कार्य चालवले. श्वासाकडे लक्ष देणे, शरीराच्या संवेदनांचे भान ठेवणे, मौनात बसणे या पौर्वात्य पद्धतींची त्यांनी इग्नाशियस यांच्या परंपरेशी सांगड घातली. १९७८ सालचे त्यांचे ‘साधना’ हे इंग्रजी पुस्तक जगभर गेले. १९८७ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९९८ साली रोमच्या श्रद्धा-सिद्धांत विभागाने त्यांच्या काही लिखाणाविषयी, विशेषतः नंतरच्या लिखाणाविषयी, सावधगिरीची सूचना काढली. त्याआधी १९८९ साली याच विभागाने ख्रिस्ती ध्यानाविषयी सर्व महागुरूंना पत्र लिहिले होते. त्या पत्राचा आशय आम्ही असा समजतो: इतर परंपरांतील उपयुक्त पद्धती सरसकट त्याज्य नाहीत, पण ख्रिस्ती प्रार्थना ही दोघांची भेट आहे. मन रिकामे करून आपण आपल्याच पोकळीत बसत नाही. आपल्यावर प्रेम करणाऱ्या पित्यासमोर बसतो.

हा भेद केवळ पंडितांपुरता नाही. ध्यानात मी एकटाच असेन, तर आतून येणारे प्रत्येक उत्तर माझेच असेल आणि मला न आवडणारे उत्तर तेथे क्वचितच येईल. समोर ‘तू’ असेल, तरच मला नकार मिळू शकतो. गेथशेमानेच्या बागेत प्रभूने आपली इच्छा लपवली नाही; प्याला टळावा असे त्याने स्पष्ट मागितले आणि मग पित्याच्या इच्छेला मान तुकवली. जी प्रार्थना आपल्याला कधीच ‘नाही’ म्हणत नाही, ती प्रार्थना आहे की आपलाच प्रतिध्वनी, हे तपासून पाहावे.

येथे वाचक एक रास्त शंका काढतील. काही माणसांनी तर कुणाचाही सल्ला न घेता, प्रसंगी घरावर तुळशीपत्र ठेवून आतल्या हाकेला ओ दिली, त्यांचे काय? आपल्याच विदर्भातील गाडगेबाबांचे उदाहरण घ्या. १८७६ साली शेंडगाव येथे जन्मलेल्या डेबूजींनी १९०५ साली घर सोडले. मागे आई, पत्नी, मुले. हाती खराटा आणि गाडगे. त्या घरातील माणसांच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार केल्यावाचून या त्यागाची स्तुती करणे आम्हांला अवघड वाटते. मग ती हाक खरी होती हे कशावरून म्हणावे? त्यांनी गावोगाव स्वतः झाडून काढले, निरक्षरांना शिक्षणाचे महत्त्व पटवले, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांवर ना स्वतःचा हक्क ठेवला ना आपल्या कुटुंबाचा. १९५६ साली देह ठेवीपर्यंत पन्नास वर्षे ही एकच रेघ वाकली नाही. झाड फळांवरून ओळखावे, हा प्रभूचा दंडक येथे लागू पडतो. परंतु फळ दिसायला वर्षे लागतात, हेही त्याच दंडकात आले. म्हणून अशा उदाहरणाचा आधार घेऊन आज कुणी उद्याच घर सोडू म्हणेल, तर त्याला आम्ही थांबवू. गाडगेबाबा होण्याची पहिली खूण घर सोडणे ही नव्हे. दुसऱ्याचे अंगण झाडणे ही आहे. आणि ते घरात राहूनही सुरू करता येते.

दुसरे उदाहरण वरोऱ्याचे. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांचा जन्म १९१४ साली हिंगणघाटचा. वकिली होती, शेतीवाडी होती. एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला पडलेला, कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम त्यांनी पाहिला आणि ते भीतीने पळाले. आपण कुणाला भीत नाही अशी ज्यांची स्वतःविषयीची समजूत होती, त्यांना त्या भीतीने झोपू दिले नाही. ते परत गेले आणि त्या माणसाची शेवटपर्यंत शुश्रूषा केली. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यासाठी ते कलकत्त्याला गेले, १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ साली सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. पत्नी साधनाताई या वाटेवर मागे सोडल्या गेल्या नाहीत. त्या बरोबरीने चालल्या. येथे आतला आवाज ध्यानाच्या आसनावर आला नाही. तो चिखलात, नकोशा माणसाच्या रूपाने आला. त्याने सुख दिले नाही, लाज दिली. आणि त्याला ओ देण्यासाठी केवळ भावना पुरली नाही. शास्त्र शिकावे लागले. ज्यांना आपल्या जीवनाचा हेतू सापडत नाही, त्यांना आम्ही म्हणू, की आपण कुणाला पाहून वाट बदलतो, तेथे एकदा थांबून पाहावे.

आता या विषयातील सर्वांत कठीण भाग. आतले समाधान ही जर देवाच्या हाकेची खूण, तर समाधान आटले म्हणजे हाक खोटी होती काय? मदर तेरेसा यांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या आगगाडीत गरिबांतील गरिबांसाठी बाहेर पडण्याची हाक ऐकू आली. त्या लगेच उठून गेल्या नाहीत. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांशी बोलल्या, कलकत्त्याच्या महागुरूंसमोर विषय ठेवला, आणि परवानगी मिळून ऑगस्ट १९४८ मध्ये लोरेटो मठाबाहेर पाऊल टाकेपर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली. १९५० साली त्यांच्या संस्थेस मान्यता मिळाली. पण २००७ साली त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले, की कार्य सुरू झाल्यानंतर दीर्घकाळ त्यांना अंतःकरणात देवाची जवळीक जाणवतच नव्हती. आत काळोख, आणि बाहेर रोज पहाटे उठून मरणाऱ्यांची सेवा. ४ सप्टेंबर २०१६ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले ते या काळोखासह.

यावरून काय शिकावे? इग्नाशियस यांचा एक नियम येथे दिव्यासारखा उपयोगी पडतो. मन शुष्क आणि अंधारलेले असताना, उजेडात घेतलेला निर्णय बदलू नये. समाधान ही निवड करतेवेळची खूण आहे. चालतानाचे वेतन नव्हे. लग्नाच्या पंधराव्या वर्षी पहिल्या वर्षाची गोडी वाटत नाही म्हणून पाचारण चुकले असे ठरत नाही. धर्मगुरूचे, शिक्षकाचे, रात्रपाळीच्या परिचारिकेचेही तसेच. विश्वास म्हणजे आवाज ऐकू येत असताना चालणे नव्हे केवळ. तो थांबल्यावरही, मागे ऐकले होते त्याच्या भरवशावर, पाऊल टाकणे होय.

आमच्या जिल्ह्यात हा नियम केवळ आध्यात्मिक उन्नतीचा विषय नाही. तो जीवनमरणाचा आहे. यवतमाळचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर गेले. २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. पिकाने दगा दिला, कर्ज थकले, मुलीचे लग्न तोंडावर आले, की रात्रीच्या एकांतात माणसाच्या आत एक आवाज बोलू लागतो: तुझा काही उपयोग नाही, तू ओझे आहेस, तू नसलास तर सर्वांचे सुटेल. हा आवाज अगदी खरा वाटतो, अगदी आतला वाटतो. मान्रेसा येथे १५२२ साली स्वतः इग्नाशियस यांनाही जीव देण्याच्या ऊर्मीने छळले होते. म्हणून आम्ही येथे निःसंदिग्धपणे लिहितो: हा आवाज देवाचा नव्हे. कधीच नव्हे. ज्याने आयुष्य दिले, तो त्या आयुष्याला निरुपयोगी म्हणत नाही. इग्नाशियस यांनी आणखी एक मर्म सांगितले आहे. मोह पाडणाऱ्याला सर्वांत जास्त भीती असते ती उघड होण्याची. असा विचार कुणाजवळ बोलून दाखवला, की त्याचे अर्धे बळ जाते. पत्नीशी, भावाशी, मित्राशी, धर्मगुरूशी, डॉक्टरशी, कुणाशीही बोलावे. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवाही १४४१६ या क्रमांकावर आहे.

मात्र याच ठिकाणी ध्यानाचा उपदेश करणाऱ्या आम्हां लोकांनी जपून बोलले पाहिजे. कर्ज हे कर्जच असते. ते डोळे मिटून बसल्याने फिटत नाही. ज्याच्या घरात उद्याचे बियाणे नाही, त्याला केवळ ‘मन शांत ठेवा’ म्हणणे ही क्रूरता आहे. त्याच्या आतल्या काळोखाचे कारण बरेचदा बाहेर, बाजारभावात आणि आटलेल्या विहिरीत असते. अशा वेळी शेजाऱ्याच्या दारी जाऊन बसणे, बँकेत त्याच्याबरोबर जाणे, धर्मग्रामाने मिळून मदत करणे, हीच देवाची वाणी होय. आणि ती ऐकू जावी ती त्याला नव्हे, आपल्याला.

मग सामान्य कुटुंबाने काय करावे? त्यासाठी आश्रमात जाण्याची गरज नाही. रात्री रोझरीची प्रार्थना संपली की दहा मिनिटे शांत बसावे. दिवसभरात मिळालेल्या देणग्यांसाठी प्रथम आभार मानावेत. मग प्रकाश मागावा आणि सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोरून जाऊ द्यावा. कशाने मन मोठे झाले, कशाने ते आक्रसले, कोणत्या कामानंतर प्रसन्नता उरली आणि कोणत्या सुखानंतर कोरडेपणा, एवढेच पाहावे. जे चुकले त्याची क्षमा मागावी आणि उद्यासाठी बळ मागावे. एका दिवसात यातून काही कळणार नाही. महिनाभर, वर्षभर हे केले, म्हणजे एक रेघ दिसू लागते. जीवनाचा हेतू बहुतेकांना विजेसारखा दिसत नाही. तो पायवाटेसारखा, चालून चालून उमटतो.

मृगाची पहिली सर पडली की कास्तकाराचे हात शिवशिवतात. पण शहाणा कास्तकार लगेच पेरीत नाही. तो वीतभर माती उकरून ओल किती खोल गेली आहे ते पाहतो, आजूबाजूच्यांना विचारतो, वापसा होण्याची वाट पाहतो. वरच्या ओलीवर भुलून पेरले, तर दुबार पेरणीची पाळी येते. तसेच, वापसा झाल्यावरही जो भीतीपोटी पेरीतच नाही, त्याचाही हंगाम जातो. प्रेरणेची पहिली सर पडलेल्या प्रत्येक तरुणाला आणि त्याच्या आईवडिलांना आमचे एवढेच सांगणे आहे. माती उकरून पाहावी, विचारावे, थांबावे; आणि ओल खोल गेली असे दिसले, की मग धन्याचे नाव घेऊन मूठ उघडावी. उगवणे न उगवणे त्याच्या हाती आहे.